हरणाला धडकल्यानंतरचे दिवस

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. काल तिन्हीसांजेला हरीण आडवं आलं, मोटरसायकल पडली, तू उठलास, वाकडं झालेलं हँडल ओढून सरळ केलंस आणि तीच गाडी चालवत घरी आलास. शेवटी लिहिलंस, 'खरचटण्यापलीकडे काही नाही.' नेमकं हेच वाक्य मला पटत नाही. अपघातानंतर अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि दुखणं काही काळ दबलेलं राहतं. हाड मोडलेलं असतानाही माणसं चालतात. तेव्हा आजच डॉक्टरांकडे जा, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे.

तिथे नुसतं 'पडलो' म्हणून मोकळा होऊ नकोस. वेग किती होता, कोणत्या कुशीवर आपटलास, हँडलचं टोक पोटात लागलं का, हेल्मेट कुठे घासलंय, मधलं काही आठवत नाही असं आहे का, हे सगळं सांग. पोटाला हँडल लागलं असेल तर वरून लहानसा वळ दिसतो आणि आत यकृताला किंवा प्लीहेला (पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला) इजा झालेली असू शकते. प्लीहेतला रक्तस्राव कधीकधी काही दिवसांनी उघड होतो. मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं हे त्याचं एक फसवं लक्षण: साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं आणि मेंदूला ती कळ खांद्यातली वाटते. पोट कडक होणं, उठताना अंधारी येणं, थंड घाम, लघवीत रक्त यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

डोक्याला मार बसला असण्याची शंका असेल तर पहिले दोन दिवस एकटा राहू नकोस. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणं, जागं करूनही नीट जाग न येणं, ही लक्षणं घरच्यांना सांगून ठेव, कारण ती तुझी तुला कळणार नाहीत. डॉक्टरांनी पाहीपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नकोस. रक्त गोठण्यात त्यांची आडकाठी होते.

आता मनगट. पडताना माणूस हात पुढे टेकतोच. अंगठा ताठ केलास की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून बघ. दुखलं तर स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाला तडा असू शकतो, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा दिसतच नाही. अशा वेळी मनगट बांधून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा त्याआधी एमआरआय करतात. 'मुरगळलंय' म्हणून सोडून दिलं तर त्या हाडाचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असल्याने ते जुळत नाही. पाय गाडीखाली आला होता का? पोटरी टणक झाली, बोटं वर ओढली की असह्य कळ येते, आणि दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त आहे, असं असेल तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढलाय. तिथे तासांचा हिशेब असतो. तडक रुग्णालय गाठायचं.

सालपटं निघालेल्या जागेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नकोस. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धू, खडी आणि डांबराचे कण निघेपर्यंत. राहिले तर जखम चिघळते आणि कातडीखाली काळे डाग कायमचे राहतात. वर न चिकटणारी पट्टी लाव आणि ती रोज बदल. जखम मातीने भरली होती, म्हणून धनुर्वाताची शेवटची लस घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागेल.

हेल्मेट आपटलं असेल तर ते संपलं. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

गाडीकडे येऊ. हँडल ओढून सरळ केलंस, म्हणजे बहुधा शॉकअप, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, त्यांना वर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये फिरले होते. नुसते फिरले असतील तर क्लॅम्पचे आणि अ‍ॅक्सलचे बोल्ट सैल करून, नळ्या समांतर आणून, ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळता येतात. पण नळी वाकली असेल तर ओढून दिसणारा सरळपणा खोटा. नळ्या काढून सपाट काचेवर लोळवायला सांग. वाकलेली नळी लगेच डुगडुगते. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. मध्ये खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. त्याच्या भोवती चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, रंग सुरकुतलाय किंवा टवके उडालेत का, हे भिंग घेऊन पाहा. तिथली चीर पुढे वेगात असताना उघडते, म्हणून तिच्यावर वेल्डिंग मारून काम भागवायचं नाही. ब्रेकच्या डिस्कची डुग (फिरताना होणारी वाकडी हालचाल) बऱ्याच गाड्यांना 0.3 मिमीपर्यंत चालते. तुझ्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. रेडिएटरच्या पात्यांत हरणाचे केस अडकलेत का आणि इंजिनच्या कव्हरमधून तेल पाझरून मागच्या टायरवर जातंय का, हेही बघून घे.

पण गॅरेजला नेण्याआधी फोटो काढ. केस, रक्त, तुटलेले भाग, सगळ्याचे, आणि विम्याचा माणूस पाहीपर्यंत गाडी धुऊ नकोस. प्राण्याला धडकल्याचा तोच पुरावा. फक्त थर्ड-पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान साधारणपणे मिळत नाही. पोलिसांना कळवलंस का? नसशील तर आज कळव. जखमी हरीण रस्त्यावर असेल तर मागून येणाऱ्याचा अपघात ठरलेला. त्याच्या जवळ मात्र जायचं नाही. पडलेलं हरीण खुरांनी लाथा झाडतं आणि शिंगांनी फाडू शकतं.

पुढच्या वेळेसाठी एवढंच पक्कं धर. हरीण दिसलं की गाडी उभी आणि सरळ ठेवून दोन्ही ब्रेक दाबायचे. झटक्याने वळवायचं नाही. वळवताना टायरची पकड वळणात खर्च होते आणि हरीणही कुठे उडी घेईल सांगता येत नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते: ताशी 80 किमीवरून 56 वर आलास तरी ती निम्मी होते. म्हणून थांबता आलं नाही तरी दाबलेला ब्रेक वाया जात नाही. ताशी 80 ला, दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर, थांबायला कोरड्या रस्त्यावरही 70 मीटरच्या आसपास लागतात. 60 ला 45. लो-बीमच्या उजेडात 80 ने जाणं म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर भरवसा टाकणं. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं जास्त हिंडतात. एक ओलांडून गेलं की लगेच वेग घेऊ नकोस, मागे दुसरं असतंच असं समज.

झोपेत दचकणं, झुडुपाची सावली हलली तरी हात ब्रेकवर जाणं, हे पहिले काही आठवडे होईल. महिन्यानंतरही तसंच राहिलं, किंवा त्या रस्त्याचं नाव काढलं की छाती धडधडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मनगटासाठी जातोस तसंच. गाडीवर परत बसशील तेव्हा दिवसाउजेडी, रिकाम्या मैदानात, 30 च्या वेगाने दहा-बारा वेळा सरळ रेषेत ब्रेक दाबून बघ. हँडल एका बाजूला ओढतंय असं वाटलं तर गाडी ढकलत गॅरेजला परत ने.

तुझा,
दादा