वाचकांचे प्रश्न: ॲसिड स्टेन आणि कॅटलॉगमधला रंग

प्रश्न: हॉलमध्ये साधा सिमेंटचा कोबा करून घेतलाय, त्याला तीन आठवडे झाले. त्यावर ॲसिड स्टेन करायचंय. कॅटलॉगमधला एक तपकिरी शेड खूप आवडलाय, तो तस्साच येईल ना?

उत्तर: तस्साच येईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला काम देऊ नका. लोकांना वाटतं की हा डब्यातला रंग आहे, उघडला आणि फासला की झालं, पण तसं नाहीये. स्टेनमध्ये पाणी, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि धातूंचे क्षार असतात. ॲसिड वरचा थर जरासा खातं आणि मग ते क्षार सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी रिॲक्ट होतात, त्यातून जो रंग तयार होतो तो कोब्याचाच भाग होऊन बसतो. लोखंडाच्या क्षारांनी तपकिरी आणि विटकरी छटा येतात, मँगनीजने गडद तपकिरी ते काळपट, तांब्याने हिरवट-निळ्या. म्हणजे अर्धा रंग बाटलीतला आणि अर्धा तुमच्या कोब्यातला! त्यात चुना किती, कोबा किती घोटलाय, खडी कुठली वापरलीय, जुना किती, सगळ्याचा फरक पडतो, आणि एकाच खोलीत खिडकीजवळ एक छटा आणि कोपऱ्यात दुसरी असंही होतं. मला तर त्यातच मजा वाटते, पण ज्यांना भिंतीसारखा सपाट एकसारखा रंग हवाय त्यांनी सरळ रंगीत कोटिंग करावं, इकडे येऊच नये.

अजून एक, सिमेंटमध्ये फ्लाय ॲश, म्हणजे दगडी कोळशाची बारीक राख, असेल तर ती बराचसा चुना आधीच वापरून टाकते, मग शेड फिका येऊ शकतो. आरशासारखा घोटलेला कोबाही स्टेन कमीच पितो.

तीन आठवडे म्हणताय तर अजून थांबा, निदान २८ दिवस तरी पूर्ण होऊ द्या. आणि आधी त्याच कोब्यावर, कपाटाखाली जाईल अशा जागी हातभर तुकडा करून बघा, पण पूर्ण करून बघा, म्हणजे स्टेन, धुणं, सीलर (वरून मारायचा संरक्षक थर) सगळं. ओला स्टेन भलत्याच रंगाचा दिसतो आणि वाळल्यावर वर पावडर धरते ती वेगळीच, त्यामुळे सीलर लागेपर्यंत खरा रंग कळत नाही.

प्रश्न: आमचा कोबा जुना आहे, पाणी शिंपडलं तर मुरत नाही, थेंब तसेच वर राहतात. आधी नुसत्या ॲसिडने धुवून घेऊ का म्हणजे छिद्रं मोकळी होतील?

उत्तर: नको नको. थेंब वर राहतात म्हणजे जुना सीलर, मेण, तेल किंवा क्युरिंग कंपाउंड (नव्या कोब्यातलं पाणी उडू नये म्हणून मारतात ते) काहीतरी बसलंय, ते ॲसिडने बहुतेक निघत नाही. आणि जिथे निघेल तिथे ॲसिड नेमका तो चुनाच खाऊन टाकेल जो स्टेनला हवाय, मग रंग धरणार कशावर? काय बसलंय ते बघून स्ट्रिपर (सीलर, मेण काढणारा) किंवा डिग्रीझर (तेल काढणारा) वापरा, नाहीतर मशीनने घासून घ्या, आणि पाणी पटकन मुरून जागा गडद दिसायला लागली की मगच पुढे जा. कार्पेटचा गम असेल तर कण न् कण खरवडावा लागेल. भेगा भरलेल्या जागा मात्र स्टेननंतर दिसणारच, त्या लपत नाहीत.

प्रश्न: स्टेन रात्रभर ठेवला, सकाळी सोड्याच्या पाण्याने धुतला, दुसऱ्या दिवशी सीलर मारला. आता काही ठिकाणी पांढरट झालंय आणि दाराजवळ सीलरचे पापुद्रे निघतायत. स्टेनच खराब होता का?

उत्तर: स्टेनवर आळ घेऊ नका, मला तर धुण्यातच घाई झालेली दिसतेय. सोडा टाकल्यावर फसफस थांबली म्हणजे ॲसिड मेलं, पण वरची पावडर तशीच राहते. ती ब्रशने घासून, पाणी ओढून घेऊन, परत स्वच्छ पाण्याने धुऊन काढायची, दोनदा तीनदा, जोपर्यंत ओल्या जमिनीवर पांढरं फडकं घासलं तरी रंग उतरत नाही तोपर्यंत. पावडरीवर सीलर मारला की तो कोब्याला चिकटतच नाही, पावडरीला चिकटतो आणि दाराजवळ पाय जास्त पडतात म्हणून तिथून आधी सुटतो. पांढरटपणा बहुतेक आतल्या ओलीचा असेल, एवढं धुतल्यावर कोबा एका दिवसात वाळेलच असं नाही. पुढच्या वेळी साधारण दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, निदान १६ तास ठेवा, खाली दमटपणा किंवा गडद डाग दिसला तर अजून थांबा. आत्ता स्ट्रिपरने सीलर काढा, घासा, धुवा, नीट वाळू द्या आणि पातळ हाताने दोन कोट द्या, एकच जाड कोट नको. रंग खाली शाबूत असणार, सहसा परत स्टेन करावा लागत नाही.

प्रश्न: बाहेर ओट्यावर हिरवट-निळा चालेल का?

उत्तर: मी तरी नाही करणार. तांब्याचे रंग ओल लागली की काळपट पडतात. बाहेर तपकिरी घ्या.

प्रश्न: घरी स्वतः करायचं ठरवलंय. पंप नेहमीचाच चालतो ना, आणि काय जपायचं?

उत्तर: पूर्ण प्लास्टिकचा पंप घ्या, नोजलसुद्धा, धातूचा भाग ॲसिडने गंजतो आणि तो गंज जमिनीवर डाग होऊन उमटतो. फवारताना गोल गोल हात फिरवा, ओली कड वाळू देऊ नका, नाहीतर जोड दिसतो, आणि केस गळणारा ब्रश अजिबात नको. शेवटी ज्या दाराने बाहेर पडायचंय त्याच्या दिशेने मागे मागे या, ओल्या स्टेनवर पाय पडला की तो ठसा कायमचा. हातमोजे, बंद गॉगल, ॲसिडच्या वाफेसाठीचा मास्क, खिडक्या उघड्या. पातळ करायचं असेल तर आधी पाणी आणि मग त्यात स्टेन, उलटं कधीच नाही. ब्लीच तर आसपाससुद्धा नको, ॲसिडशी मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. आणि धुतलेलं पाणी बागेत किंवा गटारात सोडू नका, त्यात धातू असतात, व्हॅक्युमने ओढून डब्यात भरा आणि तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा.