मोठ्या नावाचा विभाग की विषयातली माणसं? गणितातल्या पीएचडीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी झालं आहे, संख्या सिद्धांतात पीएचडी करायची आहे. एका नामांकित विभागात हा विषय करणारे एकच ज्येष्ठ प्राध्यापक आहेत. दुसऱ्या विभागाचं फारसं नाव नाही, पण तिथे या विषयात चार-पाच जण काम करतात. जावं कुठे?

माझा कल दुसऱ्याकडे आहे. गणिताच्या विभागात यंत्रं नसतात, उपकरणं नसतात. आजूबाजूची माणसं हीच तिथली सामग्री. एखादं लेमा (मोठ्या सिद्धतेतलं छोटं पूरक प्रमेय) कुठे अडतंय हे शेजारच्या खोलीतल्या पोस्टडॉकला (पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याला) विचारता येणं आणि त्याच प्रश्नावर आठवडाभर एकट्याने डोकं आपटत बसणं, यात फार फरक पडतो. शिवाय एकच गाइड असेल आणि ते वर्षभर रजेवर गेले किंवा निवृत्त झाले, तर तुमचं काम बघणारंही कुणी उरत नाही.

मात्र ‘चार-पाच जण’ हा आकडा आधी पडताळून घ्या. विभागाच्या माहितीत संशोधनाची क्षेत्रं म्हणून जी यादी असते ती बरेचदा जुनी असते. प्रत्येकाचं नाव अर्काइव्हवर (arXiv, पेपरांचा खुला ऑनलाइन संग्रह) टाका आणि गेल्या तीन-चार वर्षांत काय आलंय ते बघा. १९९१ पासून चालू असलेल्या या संग्रहात गणितातले बरेचसे नवे पेपर छापून येण्याआधीच येतात. पेपर मोजत बसू नका. गणितात वर्षाला एक-दोन म्हणजे व्यवस्थित काम चाललंय असं समजायचं. आणि पहिलं नाव कुणाचं यावरूनही काही ठरत नाही, कारण आपल्याकडे, म्हणजे गणितात, लेखकांची नावं सहसा आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. दुसऱ्या विज्ञानशाखांतून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो.

बघायचं ते पेपर कशावर आहेत हे. गणितातल्या विषयांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संख्या सिद्धांताचा क्रमांक ११, पण त्या एका आकड्याखाली दोन वेगळी जगं नांदतात. झीटा फलनं आणि अविभाज्य संख्यांचं वितरण यांवर काम करणाऱ्याला कॉम्प्लेक्स अॅनालिसिस आणि अंदाज बांधण्याची हातोटी लागते. एलिप्टिक कर्व्हवाल्याला (विशिष्ट घन समीकरणांचे वक्र अभ्यासणाऱ्याला) गॅल्वा थिअरी आणि बैजिक भूमिती. तुमची ओढ यातल्या कशाकडे आहे? एमएस्सीच्या एका पेपरवरून हे कळत नाही. अजून ठरलं नसेल, तर मात्र मोठ्या नावाच्या विभागाचं पारडं जड होतं, कारण तिथे विषय बदलायला वाव असतो.

आता गाइड. मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्टमध्ये कुणाचे विद्यार्थी कोण ते सापडतं. ते आज कुठे आहेत, अजून गणितात आहेत का, हे शोधा. पण त्या यादीत फक्त पदवी मिळालेले दिसतात, मध्येच सोडून गेलेले नाहीत. म्हणून सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना पत्र टाका आणि नेमकं विचारा: गाइड आठवड्याला भेटतात की महिन्याला? प्रॉब्लेम कुणी दिला? किती वर्षं लागली? कितीजण सोडून गेले? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर तेही उत्तरच आहे.

प्रॉब्लेम निवडून देणं हे गाइडचं सगळ्यात अवघड काम. अँड्र्यू वाइल्स लहानपणापासून फर्माच्या शेवटच्या प्रमेयाने, तीनशेहून जास्त वर्षं कुणालाच सिद्ध न करता आलेल्या विधानाने, झपाटलेले होते. १९७५ मध्ये केंब्रिजला संशोधन सुरू केलं तेव्हा त्यांचे गाइड जॉन कोट्स यांनी त्यांना एलिप्टिक कर्व्हच्या इवासावा थिअरी या संख्या सिद्धांतातल्या शाखेकडे वळवलं. १९८६ मध्ये केन रिबेट यांनी फर्माचं प्रमेय एलिप्टिक कर्व्हविषयीच्या एका अटकळीशी पक्कं जोडून दिलं आणि वाइल्स आपल्या जुन्या वेडाकडे परतले, ते हीच हत्यारं घेऊन. १९९३ च्या सिद्धतेत भगदाड निघालं, ते १९९४ मध्ये बुजवताना सोबतीला होते रिचर्ड टेलर, वाइल्स यांचेच विद्यार्थी. पहिल्या भेटीत रीमानच्या अटकळीवर, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं न सुटलेल्या प्रश्नावर, काम करायचंय असं सांगणाऱ्याला ‘बरं, करा’ म्हणणाऱ्या गाइडपासून चार हात लांब राहा.

जमल्यास दोन्हीकडच्या सेमिनारला बसा, ऑनलाइन का होईना. विद्यार्थी गप्प आणि मागे दोन प्राध्यापक आपसात वाद घालतायत, असं असेल तर वातावरण कळलंच. चांगल्या सेमिनारमध्ये वक्ता व्याख्या लिहून फळ्यावरून वळतो न वळतो तोच एखादे ज्येष्ठ विचारतात, ‘याचं सगळ्यात सोपं उदाहरण काय?’ मग बाकीच्यांनाही कंठ फुटतो. विषय कळत नाही म्हणून जाणं टाळू नका. मरियम मिर्झाखानी हार्वर्डला आल्या तेव्हा मुख्यतः कॉम्बिनेटोरिक्स आणि बीजगणित शिकलेल्या होत्या. कर्टिस मॅकमलन यांच्या सेमिनारमधलं सुरुवातीला बरंचसं डोक्यावरून जायचं. त्या जात राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या. त्यांच्याच हाताखाली २००४ मध्ये प्रबंध झाला, २०१४ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च सन्मानांपैकी एक.

कोर्सवर्क आणि पात्रता परीक्षेची फार धास्ती घेऊ नका. किती वेळा देता येते तेवढं विचारून ठेवा. विद्यावेतन किती वर्षांचं आणि त्याबदल्यात किती तास शिकवायचं, हे मात्र लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर चौथं वर्ष निघत नाही.

नकार कळवण्याआधी त्या ज्येष्ठ प्राध्यापकांनाही एक छोटं पत्र लिहा. त्यांचा एखादा पेपर वाचून त्यावर एक खरा प्रश्न, आणि मग सरळ विचारा: नवे विद्यार्थी घेताय का, तुमच्याकडे आलो तर सह-गाइड कोण असेल? दुसऱ्या प्रश्नाला ठोस नाव आलं, तर माझं वरचं मत बदलेल. तसं झालं तर इथे कळवा, त्या नावाचे पेपर मिळून बघू.