रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगसाठी टॉर्क पाना कोणता घ्यावा?

प्रश्न : मालवणात आमचे छोटे स्कूबा केंद्र आहे. रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधील हवा श्वासायोग्य दाबाने देणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसिंगचे प्रशिक्षण मी घेतले असून आता हत्यारे जमवत आहे. गाडीच्या कामाचा, अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचा), 20 ते 110 न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोराने आवळण्याचा पाना, घरात आहे. तेवढ्यावर भागेल का? नवा घ्यायचा झाल्यास खटक्याचा (लावलेला जोर येताच ‘खट’ असा आवाज करणारा) घ्यावा की डिजिटल?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तेवढ्यावर भागणार नाही. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, सिलिंडरला जोडणाऱ्या योक किंवा डिन या प्रकारच्या जोडणीचा नट बहुतेक मॉडेलांत सुमारे 25 ते 40 न्यूटन-मीटरला आवळतात आणि तेथे आपला पाना चालेल. मात्र पोर्ट प्लग (फर्स्ट स्टेजवरील न वापरलेली छिद्रे, म्हणजे पोर्ट, बंद करणारी बुचे) आणि होज (हवेच्या नळ्या) यांना साधारण 4 ते 5 न्यूटन-मीटरच लागतात, जे आपल्या पान्याच्या पट्टीवरच नाहीत. नेमका आकडा अर्थातच त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

नुकसान होते ते या लहान आकड्यांपाशी. फर्स्ट स्टेजचे अंग बहुधा क्रोम चढवलेल्या पितळेचे असते आणि पोर्टमधील आटे बारीक असतात. हवा अडवण्याचे काम ओ-रिंग (रबरी कडी) करते, आवळण्याचा जोर नव्हे. तो केवळ प्लग किंवा होज आपोआप सैल होऊ नये एवढ्यासाठी असतो. त्यामुळे गळती दिसली म्हणून पाना आणखी फिरवण्याने गळती थांबत नाही, आटे मात्र जातात.

म्हणून नवा पाना पाव इंची चौकाचा, 1 ते 10 किंवा फार तर 2 ते 12 न्यूटन-मीटरचा घ्यावा. एकाच पान्यात सगळे व्हावे म्हणून 5 ते 25 चा घेण्याचा मोह होतो, पण 4.5 हा आकडा त्याच्या पट्टीखाली राहतो. अचूकतेची टक्केवारी कशाची आहे, हेही विक्रेत्याला विचारावे. खटक्याच्या पान्यांत ती सहसा लावलेल्या आकड्याची असते; काही पान्यांत ती पूर्ण क्षमतेची असते, आणि 25 न्यूटन-मीटरच्या पान्यात 4 टक्के म्हणजे 1 न्यूटन-मीटर, अर्थात 4.5 वर सुमारे 22 टक्के चूक.

खटक्याचा की डिजिटल, यात माझे मत खटक्याच्या बाजूने आहे, कारण खाऱ्या, दमट हवेत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. मात्र 4–5 न्यूटन-मीटरचा खटका अगदी हलका असतो. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असताना तो ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नये. काट्याचा (पट्टीवर काट्याने जोर दाखवणारा) साधा पाना स्वस्त असतो, त्यात ताणून ठेवायची स्प्रिंग नसते आणि काटा शून्यावर आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते, त्यामुळे पडताळणीसाठी तोही जवळ असावा.

एककांकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक मॅन्युअलांत आकडे इंच-पाउंडांत असतात. 40 इंच-पाउंड म्हणजे 4.5 न्यूटन-मीटर, तेच 40 न्यूटन-मीटर समजून आवळले, तर जोर जवळजवळ नऊपट होतो.

होज मध्ये आडवी येत असल्याने तिच्या नटाला सॉकेट चढत नाही, तेथे क्रोफूट हा उघड्या तोंडाचा जोड लागतो. तो पान्याच्या दांड्याशी काटकोनात लावल्यास आकडा बदलावा लागत नाही. सरळ रेषेत लावल्यास पान्याची लांबी वाढते: चौकापासून मुठीच्या मध्यापर्यंत 200 मिलिमीटर असलेल्या पान्याला 30 मिलिमीटरचा जोड लावला, की प्रत्यक्ष जोर 15 टक्क्यांनी जास्त पडतो. मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल, तर आट्यांना ग्रीस लावू नये, कारण घर्षण कमी झाल्याने त्याच आकड्याला आट्यांवर अधिक ताण येतो.

काम झाल्यावर खटक्याचा पाना पट्टीवरील सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, त्याच्याही खाली नेऊ नये. वर्षातून एकदा, किंवा पाना हातातून पडल्यास लगेच, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून त्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. पाठवताना 4.5 च्या आसपासच्या बिंदूवरही तपासणी हवी असे लिहून द्यावे.