आधी आयडलच्या स्क्रूला हात लावू नकोस

पावसाळी मासेमारीबंदीनंतर गोव्यातल्या शापोऱ्यात टू-स्ट्रोक मोटारीची होडी उतरवली की हे दुखणं हमखास दिसतं: वेगात मोटार ठीक, आयडलला, म्हणजे सर्वांत मंद गतीला, थडथडून बंद पडते. बहुतेकदा दोष जुन्या पेट्रोलचा. इथल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत तळाशी पाण्याचे मणी आणि पिवळा चिकट थर दिसेल. सगळं ओतून टाक. पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, क्लीनरने फवारून हवेने फुंक, तार मात्र घालू नकोस, भोक मोठं होतं. ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मॅन्युअलप्रमाणे; 50:1 (पेट्रोल:ऑइल) असेल तर लिटरला 20 मिली. एक स्पार्क प्लग तपकिरी, दुसरा काळा-ओला असेल तर अदलाबदल करून बघ. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बदल, नाहीतर वायर, कॉइल तपास. मग शेवटी आयडलचा स्क्रू, गरम इंजिनवर, पाव-पाव फेरीने.