परदेशी निघताना जुना आजार सोबत असेल तर

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच काळजीची आहेत: घरातलं माणूस परदेशी निघालंय आणि त्याला कायमचा आजार आहे. बहुतेकांनी विचारलंय की औषधं किती बांधून द्यायची. औषधं द्यायचीच, पण तिकडच्या डॉक्टरला पेशंट नीट समजेल असे कागद आणि पहिल्या भेटीची ठरलेली वेळ याला जास्त महत्त्व आहे. चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाचं वय २२. नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं मिक्स इन्सुलिन सिरिंजनं घेतो. लातूरला दाखवतो. ऑक्टोबरपासून जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळालाय. तिथं साखरेचा तज्ज्ञ कसा गाठायचा? वर्षभराचं इन्सुलिन सोबत देता येईल का? एजंट म्हणतो, स्वस्तातला विमा काढा, चालतो. (एक वडील, उदगीर)

उत्तर : आधी विम्याचं बघा, कारण तिथं झालेली चूक पुढे सुधारता येत नाही. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा-मंडळाचा विद्यार्थी दराचा विमा मिळतो. या मंडळाला तिथं ‘क्रांकनकासे’ म्हणतात. हप्ता दरमहा दीडशे युरोंच्या आसपास पडतो. जुना आजार आहे म्हणून हे मंडळ नाकारू शकत नाही आणि इन्सुलिन, पट्ट्या, तपासण्या सगळं त्यात येतं. एजंट सांगतो तो स्वस्त खासगी विमा जुन्या आजाराचा खर्च बहुधा देतच नाही. शिवाय विद्यापीठात नाव नोंदवताना एकदा खासगी विमा निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत त्यात परत येता येत नाही. मुलाला निक्षून सांगा, सूट मागणाऱ्या कोणत्याही अर्जावर सही करायची नाही.

एक फट मात्र राहते. सरकारी विमा साधारण सत्र सुरू होण्याच्या तारखेपासून लागू होतो. मुलगा सप्टेंबरच्या मध्यात पोहोचला तर मधले दिवस प्रवास विम्यावर काढावे लागतील, आणि त्या विम्यात मधुमेह धरत नाहीत. म्हणून सोबतचा साठा लागतो.

वर्षभराचं इन्सुलिन नेता येणार नाही. स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, असा तिथला नियम आहे. हिशेब असा करा. समजा मुलाला दिवसाला ४५ युनिट लागतात आणि तो इन्सुलिनच्या पेननं चार वेळा घेतो. दर वेळी सुई तपासायला २ युनिट बाहेर सोडावे लागतात, ते ८ धरा. म्हणजे दिवसाला ५३, नव्वद दिवसांना ४,७७० युनिट. पेनमध्ये बसणाऱ्या एका कार्ट्रिजमध्ये ३ मिली, म्हणजे ३०० युनिट असतात. दोन्ही प्रकारचं इन्सुलिन (जेवणाआधीचं आणि चोवीस तासांचं) मिळून सोळा कार्ट्रिज होतात. सुया ३६०, एक जादा पेन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि लघवीतले किटोन बघायच्या पट्ट्या वेगळ्या.

इथं आम्ही पेन धरलं, ते मुद्दाम. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलीत ४० युनिट असतं आणि लाल टोपीची सिरिंज त्याच मापाची असते. जर्मनीत मिळणारं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलीत १०० युनिटचं. इथून नेलेल्या लाल टोपीच्या सिरिंजनं तिथलं इन्सुलिन ‘२० युनिट’च्या रेघेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली येतो, आणि त्यात २० नाही, ५० युनिट असतात. अडीचपट डोस गेला तर झोपेत साखर उतरून पोरगा बेशुद्ध पडू शकतो. परक्या देशात एकट्या खोलीत राहणाऱ्याच्या बाबतीत हे जिवावर बेतणारं आहे. म्हणून सिरिंज इथंच ठेवून जायच्या.

दुसरं, दोन वेळचं मिक्स इन्सुलिन जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतील तरच साधतं. प्रयोगशाळा, अर्धवेळ काम, उशिरा जेवण या दिनक्रमात ते जुळत नाही. तिकडचा तज्ज्ञ बहुधा पहिल्याच भेटीत जेवणाआधीचं वेगळं आणि चोवीस तासांचं वेगळं, अशी पद्धत सुरू करेल. तो बदल लातूरच्या डॉक्टरांच्या देखरेखीत निघण्याच्या दोन-तीन महिने आधी करून घ्या. भाकरीला किती, भाताला किती हे घरी राहून अंगवळणी पडू द्या.

आता तज्ज्ञाकडे जायची वाट. जर्मनीत आधी घरचा डॉक्टर ठरवतात, ‘हाउसआर्त्स्ट’. तो चिठ्ठी देतो, मग तज्ज्ञ. शहराच्या नावापुढे ‘डायबेटोलोगिशे श्वेरपुंक्टप्राक्सिस’ असा शोध घेतला की मधुमेहाचेच पेशंट बघणारे दवाखाने सापडतात. प्रवेशाचं पत्र हातात आलं की ऑगस्टमध्येच तिघा-चौघांना ईमेल करा. त्यात आजार, वय, सध्याचं इन्सुलिन, पोहोचण्याची तारीख लिहा आणि सरकारी विम्याचे नवे पेशंट घेता का, हे सरळ विचारा. बऱ्याच ठिकाणी ‘जागा नाही’ असंच उत्तर येतं. त्यामुळे एकावर थांबू नका. तिथं गेल्यावरही वेळ मिळेना, तर घरच्या डॉक्टरकडून तातडीचा संकेतांक घातलेली चिठ्ठी घ्यायची आणि ११६११७ या क्रमांकावर फोन करायचा. ही सरकारी विम्याची सेवा चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून देते. डॉक्टर मात्र आपल्या पसंतीचा मिळेलच असं नाही.

तज्ज्ञाकडे नाव लागल्यावर दोन गोष्टी मागून घ्यायच्या. एक, विमा-मंडळाच्या टाइप १ साठीच्या नियमित उपचार कार्यक्रमात नोंदणी. दुसरी, दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना तो विम्यातून मिळतो, पण अर्ज डॉक्टरनं करावा लागतो. औषधामागे स्वतःच्या खिशातून ५ ते १० युरो जातात.

कागदांचं सांगतो. हातानं लिहिलेली चिठ्ठी तिथं कुणाला वाचता येत नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं इंग्रजी पत्र घ्या, नाव पासपोर्टवर आहे तसंच. निदान आणि त्याचा आंतरराष्ट्रीय संकेतांक (टाइप १ साठी ई-१०), आजार कधीपासून, औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळा, गेल्या दोन वर्षांतले एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), डोळ्यांचा पडदा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, कधी अ‍ॅडमिट व्हावं लागलं असेल तर कशासाठी, आणि हे सामान पेशंटनं सतत जवळ बाळगणं गरजेचं आहे, असं शेवटचं वाक्य. हेच पत्र विमानतळावरही चालतं. लहानपणी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला भरती असेल तर डिस्चार्ज कार्डाची प्रत आत्ताच काढून आणा. रेकॉर्ड रूममधून जुना केसपेपर निघायला वेळ लागतो.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत, दोन बॅगांत वाटून. चेक-इन केलेल्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नका, मध्ये टॉवेल हवा. उदगीरहून हैदराबादला गाडीनं जाताना डिकीत टाकू नका. ऊन असेल तर डिकीतली उष्णताच इन्सुलिन खराब करते.

प्रश्न : माझ्या सुनेला चार वर्षांपासून आमवात आहे. आठवड्याला मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम चालू आहे. मुलाची नोकरी इंग्लंडला लागली, दोघं निघालेत. तिथं सरकारी दवाखान्यात नंबर फार उशिरा लागतो म्हणतात. मधल्या काळात काय करावं? (एक सासूबाई, परभणी)

उत्तर : व्हिसासोबत माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो. तो भरला की सुनेला तिथल्या सरकारी सेवेचा पूर्ण हक्क आहे, जुना आजार असला तरी. घर मिळालं की त्याच आठवड्यात जवळच्या जीपी, म्हणजे घरच्या डॉक्टरच्या, दवाखान्यात नाव नोंदवायचं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. स्वागतकक्षात कुणी अडवलं तर हा नियम शांतपणे सांगावा.

अडचण पुढे येते. मेथोट्रेक्सेट जीपी स्वतःच्या जबाबदारीवर बहुधा लिहून देत नाही. आधी संधिवाताच्या तज्ज्ञानं पेशंट बघायचा, मग दोघांच्या लेखी सहमतीनं जीपी औषध पुढे चालवतो. तज्ज्ञाच्या उपचारासाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे आणि पुष्कळ ठिकाणी ते पाळलं जात नाही. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत असाव्यात, आणि जीपीला पहिल्याच भेटीत सांगावं की आजार नवा नाही, चालू उपचार तुमच्याकडे हलवायचा आहे. चिठ्ठीत तसं लिहिलं गेलं की फरक पडतो. सोबत आरएफ आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट, हातापायांचे एक्स-रे, कावीळ बी व सी आणि छुप्या टीबीची तपासणी द्या. पुढे बायोलॉजिक इंजेक्शनचा विचार झाला तर भारतातून आलेल्या पेशंटला टीबीचं हमखास विचारतात. रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांचे गेल्या वर्षभरातले आकडे एका तक्त्यात मांडून द्या.

तिथं मेथोट्रेक्सेट सहसा २.५ मिलिग्रॅमच्याच गोळीत देतात. इथली १५ ची एक गोळी तिथं सहा गोळ्या होईल. संख्या वाढलेली बघून कुणी त्या सहा दिवसांत वाटून घेऊ नयेत. आठवड्यातला एकच ठरलेला वार, सहाही त्याच दिवशी. हे औषध रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. या गोळीवर असताना गर्भ राहू देता येत नाही, ती आधीपासून थांबवून दुसरं औषध बसवावं लागतं.

आणखी एक, थोडं स्पष्ट विचारतो. सूनबाई कुठल्या वैद्याच्या पुड्या घेतात का? सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड घातलेलं वारंवार सापडतं. तिकडे गेल्यावर पुडी अचानक बंद झाली तर रक्तदाब कोसळून माणूस आजारी पडतं आणि डॉक्टरला कारण कळत नाही. घेत असतील तर इथल्या डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. रागावतील म्हणून लपवू नका.

इंग्लंडात प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. इन्सुलिनवाले आणि थायरॉइड कमी असलेले यांना माफी आहे, आमवाताला नाही. महिन्याला दोन-तीन औषधं असतील तर वर्षाचे पैसे आगाऊ भरून प्रमाणपत्र घेतलेलं स्वस्त पडतं.

प्रश्न : भाऊ दुबईला कामाला चाललाय. त्याला फिट येतात, दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक क्लोबाझम. मेडिकलवाले म्हणाले सहा महिन्यांची घेऊन जा. (एक वाचक, गेवराई)

उत्तर : तशी नेऊ नका. क्लोबाझम, क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन, कोडिन असलेलं खोकल्याचं औषध ही सगळी तिथं नियंत्रित औषधं आहेत. परवानगीशिवाय सापडली तर पोलीस केस होते. संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाआधी अर्ज करायचा, त्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि टाइप केलेला वैद्यकीय अहवाल जोडायचा. मंजुरीचा कागद छापून औषधाच्या मूळ पाकिटासोबत ठेवायचा. परवानगी मिळेल तेवढ्याच गोळ्या. गावातल्या दुसऱ्या कुणाची ‘तेवढी औषधाची पिशवी’ अजिबात घेऊ नये.

परवानगीची कटकट नको म्हणून क्लोबाझम स्वतःहून बंद करणं त्याहून वाईट. अचानक थांबवली की फिटवर फिट येऊ शकते. वेळ हाताशी असेल तर मेंदूविकार तज्ज्ञांना विचारा, नियंत्रित यादीत नसलेल्या औषधावर हळूहळू आणता येईल का. रात्रीच्या विमानात गोळी चुकणं आणि झोप न होणं, दोन्हींनी फिट येते. काम ड्रायव्हिंगचं, उंचीवरचं किंवा मशीनवरचं असेल तर आजार लपवून ते पत्करू नये, यात त्याच्यासोबत दुसऱ्यांचाही जीव आहे.

प्रश्न : आई-बाबा चार महिने अमेरिकेत बहिणीकडे जाणार. बाबांना शुगर-बीपी, आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. कोणता विमा घ्यावा? (नांदेड)

उत्तर : बाबांच्या विम्यात ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका’ हे कलम आहे का आणि किती वयापर्यंत आहे, ते वाचून घ्या. नेहमीची तपासणी आणि गोळ्या त्यात येत नाहीत. त्यामुळे गोळ्या नव्वद दिवसांच्या न्या आणि उरलेल्या महिन्याचं आधीच ठरवा. एकाच गोळीत तीन औषधं असतील तर डॉक्टरांना ती सुटी करून लिहायला सांगा. वोग्लिबोज आणि टेनेलिग्लिप्टिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधं अमेरिकेत मिळत नाहीत.

आईचं डायलिसिस पाहुण्यांच्या कोणत्याही विम्यात बसेल असं धरून चालू नका, खर्च रोखीनं होईल. बहिणीनं तिकीट काढण्याआधी, किमान दोन महिने आधी, घराजवळच्या केंद्रात फोन करून परदेशी पेशंट घेतात का आणि एका वेळेचे किती डॉलर, हे लेखी मागवावं. तिथं आठवड्यातून तीनदा डायलिसिसची पद्धत आहे, हिशेब तीनचा धरा. केंद्र मागतं ते असं: कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, टीबी नसल्याची तपासणी, शेवटच्या तीन डायलिसिसच्या नोंदी, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं), फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली शीर) कोणत्या हाताला, हेपॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं औषध) मात्रा. खुर्ची नक्की झाल्याचा ईमेल येईपर्यंत आईचं तिकीट काढू नका.