तुमचे प्रश्न : आधी तारीख शोधा

मागच्या अंकात जुन्या ब्रिटिश व्यंगचित्रांबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि पत्रांचा हा एवढा गठ्ठा आला! मनापासून आनंद झाला. मी आयुष्यभर मुद्राचित्रण शिकवलं, तांब्याच्या पत्र्यावर आणि लाकडी ठोकळ्यावर स्वतः कोरून हाताला घट्टे पाडून घेतले, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे. जागेअभावी पत्रं थोडक्यात देते.

आजोबांच्या भावाने लंडनहून आणलेलं 'पंच' साप्ताहिकातलं एक चित्र आमच्याकडे फ्रेममध्ये आहे. जहाजाच्या शिडीवरून एक धिप्पाड म्हातारा उतरतोय आणि वर कठड्यावर रेलून मुकुटधारी तरुण त्याच्याकडे बघतोय. चित्र रंगीत आहे. ते अस्सल आहे का? किंमत किती येईल?

चित्र ओळखीचं आहे. म्हातारा म्हणजे जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क, आणि वरचा तरुण म्हणजे कैसर दुसरा विल्हेल्म. जॉन टेनिएलचं हे चित्र २९ मार्च १८९० च्या अंकात आलं. त्याआधी जेमतेम दहा-अकरा दिवस बिस्मार्कला पायउतार व्हावं लागलं होतं. चित्रात बिस्मार्क हा जहाजाचा वाटाड्या आहे. बंदरात जहाज सुखरूप नेणारा वाटाड्या काम संपलं की उतरतो. इथे मात्र कप्तानाने, म्हणजे कैसरने, त्याला वाटेतच उतरवून दिलंय. बिस्मार्कचा हात बघा, जहाजाच्या अंगावरून फिरवल्यासारखा टेकलाय. घर सोडताना माणूस दाराच्या चौकटीवर हात ठेवतो ना, तसा.

आता तुमच्या प्रतीबद्दल. रंग आधी बाजूला ठेवा. त्या काळचं 'पंच' काळ्या शाईत छापलं जाई, त्यामुळे रंग नंतर कुणीतरी चढवलेत किंवा अख्खी प्रतच नंतरची आहे. चित्र फ्रेममधून काढा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. करड्या भागात ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छायाचित्रावरून केलेली नक्कल समजा. अस्सल छापात ठिपके नसतात, सलग रेघा असतात. आडव्या-उभ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नीट बघा. दोन रेघांमधली इवलीशी पांढरी चौकट कोरणाऱ्याने बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यातून एकेक करून काढलेली असते. लाकडात जे कोरून काढाल ते पांढरं येतं, जे उभं राहतं ते काळं. म्हणजे टेनिएलने पेन्सिलीने दोन झटक्यांत मारलेल्या जाळीसाठी कोरणाऱ्याला शेकडो कण उपसावे लागायचे. त्या कोरणाऱ्याचं नाव जोसेफ स्वेन, आणि चित्राच्या तळाच्या कोपऱ्यात ते बहुधा सापडतं. टेनिएलची खूण म्हणजे एकमेकांत गुंतवलेली आद्याक्षरं. ही दोन्ही नावं शेजारी दिसली की मला फार बरं वाटतं, कारण चित्र दोघांचं आहे.

अजून एक सोपी परीक्षा आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर धरा. कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात उजळपणासाठी रसायन घातलंय, आणि असे कागद साधारण १९५० नंतरचे. जुना कागद मंदच राहतो.

किमतीबद्दल स्पष्ट सांगते, फार आशा धरू नका. 'पंच' दर आठवड्याला हजारोंनी छापलं जायचं आणि लोक वर्षाचे अंक बांधून ठेवायचे, त्यामुळे सुटी पानं आजही पुष्कळ मिळतात. तांब्याच्या पत्र्यावरच्या त्याआधीच्या चित्रांची गोष्ट वेगळी. तिथे मी स्वतः फसले आहे. एका दुकानातून व्यंगचित्रकार जेम्स गिल्रेचं म्हणून एक चित्र मोठ्या हौसेने घेतलं. घरी येऊन कडेने बोट फिरवलं तर कागद सपाट! दाबयंत्रातून पत्रा जातो तेव्हा चित्राभोवती कागदावर खोल चौकोनी दाब उमटतो. कडा कापलेल्या असल्या तर तो दिसत नाही, पण माझ्या चित्राच्या कडा चांगल्या रुंद होत्या. त्या दिवसापासून डोळ्यांआधी बोट लावते.

मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गिल्रेचं पृथ्वीगोलाचं पुडिंग कापण्याचं चित्र आम्हाला अभ्यासाला आहे. जगाची वाटणी चालली आहे एवढं समजतं. आणखी काय बघायचं?

तुला उत्तर लिहिताना हात आखडता घेणं अवघड जाणार आहे!

आधी तारीख शोध. २६ फेब्रुवारी १८०५. ती चित्रावरच कोरलेली आहे, आणि त्याचं कारण विल्यम होगार्थ. त्याची चित्रं लोक बेधडक नक्कल करून विकायचे. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. चौदा वर्षांचं संरक्षण मिळे, पण पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख घालण्याच्या अटीवर. आज आपल्याला ही चित्रं दिवसागणिक लावता येतात ती त्या अटीमुळे.

आता त्या दिवशी लंडनमध्ये काय माहीत होतं ते आठव. जानेवारीच्या सुरुवातीला नेपोलियनने राजा तिसऱ्या जॉर्जला तहाचं पत्र पाठवलं होतं. ब्रिटनने समुद्रावर जिंकलेली ट्रफाल्गरची लढाई व्हायला अजून आठ महिने होते, नेपोलियनने जिंकलेल्या ऑस्टरलिट्झला नऊ. ब्रिटनचा पंतप्रधान विल्यम पिट जिवंत होता; पुढच्या जानेवारीत तो गेला. समुद्र ब्रिटनचा आणि युरोप नेपोलियनचा, हे आपण इतिहासात वाचतो. गिल्रेने मात्र ते घडायच्या आधी ताटात वाढून ठेवलंय.

मग माणसं बघ. पिट किडकिडीत, ताठ, खुर्चीत नीट बसलेला. त्याचा काटा त्रिशूळासारखा, म्हणजे समुद्रदेवाचा, आणि तो अटलांटिकच्या बाजूची भली मोठी फोड शांतपणे उतरवतोय. नेपोलियनचा हात पोचत नाही, म्हणून तो खुर्चीतून अर्धा उठलाय. कापतोय युरोप, पण त्याची फोड पिटच्या फोडीहून लहान आहे. दोघांच्या नजरा पुडिंगवर असल्या तरी लक्ष एकमेकांच्या सुरीवर आहे. वाफा निघताहेत, म्हणजे पदार्थ आत्ताच टेबलावर आलाय. तू हे चित्र काढशील तर नेपोलियनचं उठणं आधी काढ. सगळी भूक त्या एका हालचालीत आहे.

नेपोलियन बुटका होता का, असं तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. नाही. तो साधारण १६८ सेंटिमीटर होता, त्या काळच्या फ्रेंच माणसांत मध्यमच. त्याची उंची जुन्या फ्रेंच मापात पाच फूट दोन इंच नोंदली गेली आणि ती इंग्रजी इंच समजून वाचली गेली. त्यात गिल्रेने काढलेला चिमुकला नेपोलियन, 'लिटल बोनी', भर घालायला होताच. इतकी वर्षं टिकलेला तो ठेंगणा बादशहा मुख्यतः गिल्रेच्या कोरणीतून आलाय.

आणि ही चित्रं बघायचं कोण? गिल्रे हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानाच्या वर राहायचा, २७ सेंट जेम्स स्ट्रीट. ज्यांना चित्र विकत घेणं जमत नसे ते खिडकीपाशी उभे राहून बघत. १८०८ मधल्या त्याच्या एका चित्रात तीच खिडकी आहे. बाहेर एक गृहस्थ बर्फावरून घसरून पडलाय, हातातला तापमापक मात्र सांभाळून धरलाय. मागे काचेला चिकटून उभ्या असलेल्या लोकांपैकी एकही वळून बघत नाही. आपल्या चित्रांचा प्रेक्षक असा अचूक टिपलेला मला दुसरीकडे सापडलेला नाही.

मुळात 'कार्टून' हा शब्द कुठून आला?

भित्तिचित्र रंगवण्याआधी जाड कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढतात, त्याला कार्टून म्हणत. १८३४ च्या आगीनंतर पार्लमेंटची नवी इमारत उभी राहत होती, आणि तिच्या भिंतींसाठी केलेल्या अशा आराखड्यांचं १८४३ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. लंडनमध्ये माणसं उपाशी होती. जुलै १८४३ मध्ये 'पंच'ने जॉन लीचचं चित्र 'कार्टून क्रमांक एक' म्हणून छापलं : फाटके, कुबड्या घेतलेले गरीब लोक भारी चौकटीतल्या तसबिरींपुढे उभे आहेत. शब्द चिकटला तो कायमचा.

१८५७ वरची 'पंच'मधली चित्रं पाहून माझ्या अंगाची लाही झाली. अशा चित्रांना विनोदी म्हणून जपायचं तरी कशाला?

तुमचा राग मला समजतो. ती पहिल्यांदा हातात आली तेव्हा मलाही पुढचं पान उलटवेना.

पण ती विनोदी नाहीत, आणि 'पंच'नेही ती हसवण्यासाठी छापली नव्हती. आठवड्याचं मुख्य चित्र बरेचदा गंभीर असे. त्याचा विषय संपादक मंडळी दर बुधवारी जेवणाच्या टेबलावर ठरवत. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात टेनिएलने बाई आणि तान्ह्या मुलावर बसलेल्या बंगालच्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह काढला. १२ सप्टेंबरला न्यायदेवता आली, तलवार उपसून शिपायांवर चालून जाणारी. हे चित्र एकदा नीट बघा. देवतेच्या मागे हिंदी बायका आणि मुलं आक्रोश करत बसली आहेत. त्यांना रेखाटल्याशिवाय टेनिएलला चित्र पूर्ण करता आलं नाही. त्याने ती कोणत्या मनाने काढली हे मी सांगू शकत नाही, पण ती तिथे आहेत.

पुढचं चित्र मला जास्त खुपतं. गव्हर्नर जनरल कॅनिंगने सरसकट सूड थांबवण्याचा हुकूम काढला, आणि २४ ऑक्टोबरला लीचने त्याची टर उडवली. कॅनिंग शिपायाच्या डोक्यावर हात ठेवून लहान मुलाला समजवावं तसा बोलतोय. याच लीचने चौदा वर्षांपूर्वी लंडनच्या गरिबांची बाजू घेतली होती. आपल्या गल्लीतल्या भुकेल्याचं दुःख दिसणाऱ्या माणसाला दूरच्याचं दिसलं नाही. हे ठरवून सांगायला एखादं पुस्तक लिहावं लागलं असतं. इथे त्याच्या दोन चित्रांच्या तारखा शेजारी ठेवल्या की पुरतं. म्हणून ही चित्रं जपायची. दोन महिन्यांत लंडनच्या साध्या वाचकाचा संताप कुठून कुठे गेला, हे याहून नेमकं सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. वर्गात दाखवताना मी ती कधी एकेकटी दाखवली नाहीत, तिन्ही एकदम मांडली.

राजा-मंत्र्यांची अशी टिंगल केल्यावर या व्यंगचित्रकारांना त्रास झाला नाही का?

झाला, आणि आमिषंही आली. जॉर्ज क्रुकशँकला १८२० मध्ये शंभर पौंड मिळाले, चौथ्या जॉर्जला 'अनैतिक अवस्थेत' न दाखवण्याच्या लेखी वचनाबद्दल. त्याच वर्षी त्याने प्रकाशक विल्यम होनबरोबर राजाच्या संसाराची लक्तरं वेशीवर टांगली.

मला जास्त हळहळ वाटते ती फिलिप झेकची. मार्च १९४२, 'डेली मिरर'. बुडालेल्या जहाजावरचा एकटा खलाशी तराफ्याला धरून समुद्रात पडलाय, आणि खाली ओळ : पेट्रोल एक पेनीने महागलं, अधिकृत. झेकला म्हणायचं होतं की तुमच्या गाडीतलं पेट्रोल या माणसाच्या जिवावर येतं, ते उधळू नका. चर्चिलच्या सरकारने अर्थ लावला की खलाशी मरताहेत ते तेलकंपन्यांच्या नफ्यासाठी. गृहमंत्री मॉरिसनने पेपर बंद करण्याची धमकी दिली. पेपर बंद झाला नाही, पण चित्र देशाच्या भल्यासाठी काढणाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेतली गेली. चित्राखालची एक ओळ माणसाला कुठे नेऊ शकते ते बघा.

पहिल्या महायुद्धात खंदकातली माणसं हसली तरी कशी?

ब्रूस बेर्न्सफादर स्वतः खंदकात होता. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी होऊन तो परतला, आणि त्याच नोव्हेंबरात 'द बायस्टँडर' या साप्ताहिकात त्याचं ते चित्र आलं. गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात दोन सैनिक छातीपर्यंत रुतलेत, चोहोबाजूंनी स्फोट होताहेत. झुबकेदार मिशांचा म्हातारा शेजाऱ्याला सुनावतोय की यापेक्षा चांगलं बीळ ठाऊक असेल तर जा की तिकडे. सैनिकांनी हे पान फाडून आपल्या बिळांच्या भिंतींना टाचलं. त्यात शत्रू कुठेच नाही. चिखल आहे, आणि सोबतीला कुरकुरणारा एक माणूस आहे. त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि कुणीतरी ते जसंच्या तसं काढलं.

पंचवाल्या वाचकांनी फोटो पाठवायचा असेल तर चित्र फ्रेममधून काढून चारही कडांसकट पाठवा. 'पंच'ची तारीख पानाच्या माथ्यावर असते, आणि फ्रेम करणारे नेमकी तीच पट्टी कापतात.