शाळा सांगत नाही, नात सांगत नाही

प्रश्न: नमस्कार ताई, मी बडोद्यात कारेलीबागेत राहते, वय ६८. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात असतात, नात तेरा वर्षांची, तिथल्या सरकारी शाळेत आठवीत आहे. मागे शाळेत ओपन हाउस होतं, मुलगी गेली तर भिंतीवर नातीचं चित्र लावलेलं, अक्षर तिचंच पण खाली नाव भलतंच, मुलाचं. टीचरला विचारलं तर म्हणाली वर्गात ती हेच नाव सांगते, बाकी तिच्याशीच बोला. म्हणजे अख्ख्या वर्गाला माहीत आणि आईला नाही! जावई वकील करायला निघालेत, मुलगी फोनवर रडते. इथे आमच्या शेजारणीचा नातू एक दिवस दांडी मारतो तर दुपारपर्यंत बापाच्या मोबाइलवर मेसेज येतो. तिथली शाळा आईबापांपासून असं लपवू शकते का? आणि मी मुलीला काय सांगू?

उत्तर: काकू, आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण तिकडे वकील तासावर पैसे लावतो. अमेरिकेत १९७४ पासून फेरपा नावाचा कायदा आहे, केंद्राच्या शिक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या शाळांना तो लागू होतो. मूल १८ चं होईपर्यंत त्याचं शाळेतलं रेकॉर्ड बघायचा हक्क आईबापांचा, आणि मागितलं की ४५ दिवसांच्या आत शाळेला ते दाखवावं लागतं. मार्क, हजेरी, शिस्तीची कागदपत्रं, नावाबद्दल शाळेने काही लेखी ठरवलं असेल तर तेही. पण टीचरने फक्त स्वतःच्या आठवणीसाठी डायरीत खरडलेलं आणि कोणाला न दाखवलेलं त्यात येत नाही, आणि जे कागदावरच आलं नाही ते फाइलमधे सापडणार कुठून! शिवाय मागितल्यावर दाखवणं वेगळं आणि आपणहून फोन करून सांगणं वेगळं, दुसऱ्या गोष्टीची सक्ती फेरपात नाही. सगळी भांडणं तिथेच चाललीत.

कॅलिफोर्नियात चिनो व्हॅली नावाच्या भागातल्या स्कूल बोर्डाने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, २०२३ मधे नियम केला की मुलाने दुसरं नाव किंवा मुलगा-मुलगी म्हणून वेगळी ओळख वापरायला मागितली तर तीन दिवसांत घरी कळवायचं. राज्य सरकार कोर्टात गेलं. मग २०२४ मधे गव्हर्नर न्यूसम यांनी एबी १९५५ नावाच्या विधेयकावर सही केली, १ जानेवारी २०२५ पासून तो कायदा लागू झाला, त्यात असं आहे की मुलाच्या संमतीशिवाय घरी सांगायलाच हवं अशी सक्ती बोर्ड शिक्षकांवर करू शकत नाही. तिकडे इंडियाना राज्याने २०२३ मधेच बरोबर उलटा कायदा केला, मुलाने नाव बदलून हाक मारा म्हटलं तर शाळेने आईबापांना कळवायचंच. एकच देश, राज्य बदललं की नियम उलटा. दोन्ही बाजूंनी कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्यामुळे जावयांना वकिलाला भेटायचंच असेल तर आजच्या तारखेला काय स्थिती आहे एवढंच विचारू दे.

आता माझं मत. टीचर खोटं बोलली नाही, तिच्याशी बोला म्हणाली, आणि मला तरी ते बरोबर वाटतं. तेरा वर्षांच्या पोरीने सांगितलेलं सगळं घरी पोचतंय असं एकदा मुलांना कळलं की मग ती कोणालाच काही सांगत नाहीत, मी इतकी वर्षं शाळेत काढली, हे बघितलंय. पण पोर स्वतःला इजा करतेय, जेवण टाकलंय, कोणी छळतंय, तर तिथे गुपित बिपित काही नाही, घरी कळलंच पाहिजे, आणि अशा इमर्जन्सीत माहिती द्यायला फेरपा आडवा येत नाही. बरं, तुमच्या मुलीचं दुःखही खोटं नाही. आईला सगळ्यांत शेवटी कळणं लहान गोष्ट नाही, आणि आईबाप म्हणजे धोकाच असं धरून चालणारे लोक तिकडे आहेत, ते मला अजिबात पटत नाही.

मूल कोणाचं, घराचं की सरकारचं, हा वाद काही अमेरिकेने काढलेला नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मधे अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मधे सगळ्या संस्थानात लागू केला, पोर शाळेत नाही धाडलं तर पालकाला दंड. तेव्हाच्या बापांनीही म्हटलंच असणार, माझं पोर, तुम्ही कोण!

मुलीला सांगा, नातीचा फोन तपासू नको, शाळेत परत भांडायला जाऊ नको. चित्र छान होतं म्हणून सुरुवात कर, नाव बघितलं हे सरळ सांग आणि मग गप्प बस, पोरगी दोन दिवस बोलली नाही तरी चालेल. आणि काकू, तुमची तयारी ठेवा, कारण अशा गोष्टी मुलं बऱ्याचदा आधी आजीलाच सांगतात, व्हिडिओ कॉलवर, "आईला सांगू नकोस हं" म्हणून. तेव्हा तुम्ही त्या टीचरच्याच जागी असाल. लगेच मुलीला फोन लावणार का, हे आत्ताच ठरवून ठेवा.

प्रश्न: मी इथल्याच एका शाळेत शिक्षिका आहे. सातवीतल्या एका मुलीने सांगितलं की नात्यातला एक माणूस तिला घाणेरडा हात लावतो, पण घरी सांगू नका म्हणून रडली. मी शब्द दिला. आता काय करू?

उत्तर: शब्द पाळता येणार नाही. वरच्या पत्रातलं नाव-बिव वेगळं, हे वेगळं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे असं कळलं की पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवायचं ते पोलिसांना. आधी घरी सांगून बघू, मग ठरवू, असं नको, कारण तो माणूस त्याच घरात उठबस करत असेल तर पोरीवरच दबाव येतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केलात तर पुढचं कसं करायचं ते सांगतात. मुलीला मात्र अंधारात ठेवू नका, मी हे करणार आहे आणि का करणार आहे हे तुमच्याच तोंडून तिला आधी कळू दे. स्टाफरूममधे तिचं नाव काढू नका. आणि हे वाचून झालं की आजच.

प्रश्न: मुलगी सहावीत, मांडवीजवळच्या शाळेत. अपार आयडीचा फॉर्म आलाय, सही केली नाही तर परीक्षेला बसवणार नाही असं क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय. खरं का?

उत्तर: नाही. अपार म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या रेकॉर्डसाठीचा ओळख क्रमांक, तो ऐच्छिक आहे, लहान मुलांसाठी पालकांची संमती घेतात म्हणूनच तर फॉर्म येतो, आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. तो आधारवर चालतो, आणि आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मधेच सांगितलंय. फायदे आहेत, शाळा बदलली तर मार्कांचं रेकॉर्ड सोबत येतं, तेव्हा पटलं तर जरूर भरा. नाही पटलं तर ग्रुपवर भांडत बसू नका, प्रिन्सिपलना दोन ओळींचं पत्र द्या की आम्ही संमती देत नाही, आणि कॉपीवर शाळेचा शिक्का मारून घ्या.